सुईच्या टोकावरची आशा

मराठी भाषेने गुडघ्याचा फारसा मान राखलेला नाही. उतावळ्या नवऱ्याचे बाशिंग आपण गुडघ्याला बांधले, हरलेल्याला गुडघे टेकायला लावले आणि ज्याची अक्कल बेताची त्याचा मेंदू गुडघ्यात नेऊन ठेवला. साठीनंतर गुडघा या सगळ्याची भरपाई व्याजासह वसूल करतो. साठीच्या पुढची चार माणसे एकत्र बसवून पाहा. थोडा वेळ मुलानातवंडांची चौकशी होते, थोडा वेळ राजकारण होते, मग कोणीतरी उठताना खुर्चीच्या हातावर भार देऊन "आई गं" म्हणतो आणि उरलेली संध्याकाळ गुडघ्याच्या वाट्याला जाते.

या गप्पांचा मजकूर मात्र बदलत आला आहे. आमच्या आईवडिलांच्या पिढीत तेल, शेक आणि "आता वय झालं" एवढ्यावर विषय संपत असे. ऑक्टोबर २००० मध्ये तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्या वर्षी उजव्यावर. न्यूयॉर्कहून आलेल्या डॉ. चित्तरंजन राणावत यांचे नाव त्या दिवसांत घरोघर पोहोचले, आणि "गुडघा बदलून घेणे" हा फ्रिज बदलून घेण्याइतका सहज बोलण्याचा विषय झाला. अलीकडे त्याच्याही आधीचा एक थांबा निघाला आहे. बदलायची गरज नाही, आहे तोच गुडघा सुईने नवा करून देतो, असे सांगणारा. पीआरपी, प्रोलोथेरपी, स्टेम सेल अशी त्याची नावे आहेत आणि या सगळ्यांवर मिळून 'रिजनरेटिव्ह', म्हणजे पुनरुज्जीवन करणारी, अशी एक पाटी आहे.

मी आयुष्य बँकेत काढले. मुदत ठेव मुदतीआधी मोडायला येणारा माणूस काउंटरपाशी आला की त्याच्या चेहऱ्यावरून कारण ओळखू येई. मुलीचे लग्न, फ्लॅटचा हप्ता, घरातल्या कोणाचे बायपासचे ऑपरेशन. आता निवृत्तांच्या कट्ट्यावर ठेव मोडण्याच्या कारणांत गुडघ्याच्या इंजेक्शनांचे पॅकेजही ऐकू येते. माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, असेच एक पॅकेज एका खासगी रुग्णालयात सांगितले गेले. तिचे वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. तीन इंजेक्शने, एका गुडघ्याचे पंचेचाळीस हजार, दोन्हींचे नव्वद. सोबत एक गुळगुळीत कागद दिला होता. त्यावर समुद्रकिनाऱ्यावर धावणारे एक पांढऱ्या केसांचे जोडपे हसत होते. आक्काने तो माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "तू जन्मभर लोकांचे कागद वाचलेस. हाही वाच."

कागद वाचायला दोन मिनिटे लागली. त्यात काय नाही हे शोधायला मात्र बरेच दिवस लागले. ते वाचकांपुढे मांडावे असे वाटले, कारण हा कागद आज अनेक घरांत टीपॉयवर पडलेला असणार.

आधी गुडघा. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जिथे भेटतात तिथे दोन्हींच्या टोकांवर एक गुळगुळीत, चिवट थर असतो. डॉक्टर त्याला कूर्चा म्हणतात, आपण गादी म्हणतो. या गादीचे एक वैशिष्ट्य असे की तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. बोट कापले तर रक्त येते, खपली धरते, आठ दिवसांत कातडी सांधते, कारण दुरुस्तीचे सामान रक्तातून येते. गादीपर्यंत ही गाडी पोहोचतच नाही. विल्यम हंटर या लंडनच्या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे ठेवलेल्या निबंधात नोंदवून ठेवले आहे, की कूर्चा ही त्रासदायक वस्तू असून एकदा नष्ट झाली की परत येत नाही. पावणेतीनशे वर्षे उलटली. शल्यविद्या कुठल्या कुठे गेली, पण हंटरचे ते वाक्य पूर्णपणे खोडून काढणे अजून कोणाला साधलेले नाही. सांध्याच्या औषधांची सगळी गोष्ट या एका अडचणीभोवती फिरते.

आता सुया. त्यांचे तीन प्रकार आहेत आणि ते एकमेकांत मिसळू नयेत.

पहिली प्रोलोथेरपी. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जॉर्ज हॅकेट नावाचे शल्यविशारद होते. सांधे दुखतात याचे कारण त्यांना बांधणारे अस्थिबंध सैल पडतात हे आहे, असे त्यांचे मत होते. त्या बंधांपाशी चिडवणारा द्रव टोचला तर शरीर जागे होते आणि दुरुस्तीला लागते, असे त्यांनी १९५६ च्या आपल्या पुस्तकात मांडले. आज त्यासाठी बहुधा डेक्स्ट्रोज वापरतात, म्हणजे सलाईनच्या बाटलीतून देतात तीच साखर, पण जास्त दाट. २०१३ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये गुडघेदुखीच्या ९० जणांवर एक अभ्यास झाला. काहींना साखरेचे पाणी टोचले, काहींना मिठाचे, काहींना घरी करायचे व्यायाम दिले. वर्षअखेर साखरवाल्यांना इतरांपेक्षा बरे वाटत होते. ९० माणसांचा अभ्यास ही चांगली सुरुवात आहे. तेवढ्यावर निकाल देता येत नाही.

दुसरी पीआरपी, म्हणजे प्लेटलेट रिच प्लाझ्मा. डेंग्यूच्या साथीत प्लेटलेट हा शब्द आपल्या सर्वांना पाठ झाला. जखम झाली की याच पेशी धावून जातात आणि दुरुस्ती सुरू करणारी द्रव्ये सोडतात. तेव्हा रुग्णाच्याच दंडातून थोडे रक्त काढायचे, यंत्रात गरगर फिरवून थर वेगळे करायचे, प्लेटलेटनी दाट झालेला पिवळसर भाग घ्यायचा आणि दुखऱ्या जागी टोचायचा. कल्पना सुंदर आहे. गादीपर्यंत रक्ताची गाडी जात नाही ना, मग सामान आपणच नेऊन टाकू, असा त्यातला विचार आहे. २००६ मध्ये टेनिस एल्बोवर तिचा उपयोग होतो असे एका छोट्या अभ्यासात दिसले. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या सुपर बोलच्या अंतिम सामन्याआधी हाइन्स वॉर्ड या खेळाडूने आपल्या दुखावलेल्या गुडघ्यात ती घेतली, सामना खेळला, त्याचा संघ जिंकला, आणि पीआरपीला जी प्रसिद्धी मिळाली ती कोणत्याही शोधनिबंधाने मिळाली नसती. २०१० मध्ये जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने स्नायूत पीआरपी टोचून घेण्यावर बंदी घातली आणि २०११ मध्ये ती उठवली. पीआरपीने खेळाडूची ताकद वाढते असा पुरावा काही मिळाला नव्हता.

तिसऱ्या प्रकारात पेशीच टोचतात. इथे पाया भक्कम आहे, पण इमारत कुठवर चढली आहे ते पाहावे लागते. १९९४ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमधल्या डॉक्टरांनी गुडघ्याच्या गादीला खड्डा पडलेल्या २३ रुग्णांच्याच गादीतल्या पेशी घेतल्या, प्रयोगशाळेत वाढवल्या आणि शस्त्रक्रिया करून त्या खड्ड्यात बसवल्या. ही पद्धत पुढे रुजली. पण ती आहे शस्त्रक्रिया, आणि तीही खेळताना किंवा अपघातात एका जागी गादी फाटलेल्या तरुण माणसासाठी. सत्तरीत सगळीकडून झिजलेल्या गुडघ्यासाठी ती नाही. रस्त्यावरचा एक खड्डा बुजवणे वेगळे आणि सगळाच रस्ता उखडलेला असणे वेगळे.

पुराव्याकडे यायचे तर सुरुवात आपल्याच देशापासून करू. चंडीगडच्या पीजीआय या संस्थेत झिजेच्या सुरुवातीच्या पायरीवर असलेल्या ७८ रुग्णांचा अभ्यास झाला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला पीआरपीचे एक इंजेक्शन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला नुसते मिठाचे पाणी. पीआरपी घेतलेल्यांचे दुखणे काही आठवड्यांत कमी झाले, मीठपाणीवाल्यांचे झाले नाही. सहा महिन्यांनी मात्र पीआरपीचा गुणही उतरू लागलेला होता. जगभर पीआरपीच्या बाजूने बोलणारे डॉक्टर आजही या अभ्यासाचा दाखला देतात आणि त्यात काही गैर नाही.

मग ऑस्ट्रेलियात अधिक मोठा आणि काटेकोर अभ्यास झाला. २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आले. सिडनी आणि मेलबर्नचे २८८ रुग्ण, सौम्य ते मध्यम झीज, आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शने. निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना मिठाचे पाणी, आणि कोणाला काय दिले हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि टोचणाऱ्यालाही नाही. वर्षभराने पीआरपीवाल्यांचे दुखणे दहाच्या मापावर सरासरी २.१ ने उतरले होते. मीठपाणीवाल्यांचे १.८ ने. गादीचे मोजमाप चित्रे काढून केले. पीआरपी गटात ती १.४ टक्क्याने घटली होती, मीठपाण्याच्या गटात १.२ टक्क्याने. दोन्हींमधला फरक संख्याशास्त्राच्या हिशेबात धरण्याजोगा नाही. म्हणजे दुखणे दोन्हीकडे कमी झाले आणि गादी दोन्हीकडे झिजत राहिली. पुनरुज्जीवन कुठेही झाले नाही.

टाचेच्या वरच्या शिरेच्या दुखण्यावरही असाच निकाल आला. नेदरलँडमध्ये २०१० साली ५४ जणांवर आणि ब्रिटनमध्ये २०२१ साली २४० जणांवर पीआरपी तपासली गेली. दोन्ही ठिकाणी ती लटक्या इंजेक्शनापेक्षा सरस ठरली नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत पावणेपाचशे रुग्णांमध्ये तीन तऱ्हेच्या पेशींची तुलना साध्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनाशी केली. वर्षअखेर एकही पेशीवाला गट स्टेरॉइडच्या पुढे गेलेला नव्हता. हे सारे यायच्या आधीच अमेरिकेतल्या संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शिकेत सांगून टाकले होते की गुडघ्याच्या झिजेसाठी पीआरपी आणि स्टेम सेल वापरू नयेत. पीआरपीबाबत त्यांचे एक कारण बँकवाल्याला लगेच पटण्यासारखे आहे. प्रत्येक ठिकाणी तयार होणारी पीआरपी वेगळी असते. कुठे प्लेटलेट दुप्पट, कुठे पाचपट, कुठे पांढऱ्या पेशी ठेवलेल्या, कुठे काढलेल्या. एकाच नावाच्या नोटेची किंमत प्रत्येक शाखेत वेगळी असेल, तर हिशेब लावायचा कसा?

इथे कोणी म्हणेल, आमच्या शेजारच्या काकूंना तर फरक पडला, त्या आता जिना चढतात. काकू खोटे बोलत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या मीठपाणीवाल्यांनाही फरक पडलाच होता. ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात डॉ. ब्रूस मोझली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडघेदुखीच्या १८० रुग्णांची लेखी संमती घेऊन तीन गट केले. दोन गटांत दुर्बिणीने सांधा धुतला किंवा खरवडून साफ केला. तिसऱ्या गटात कातडीवर फक्त चिरे दिले आणि टाके घातले, आत काहीच केले नाही. दोन वर्षे पाठपुरावा केला. तिन्ही गटांचे दुखणे सारखेच. २००२ मध्ये हा अभ्यास छापून आला तेव्हा शल्यविशारदांच्या जगात खळबळ माजली होती. दुखणे हे नुसते गादीच्या जाडीवर ठरत नाही. कोणीतरी आपल्याकडे लक्ष दिले, काहीतरी केले, आता बरे वाटेल, या भरवशाचाही त्यात वाटा असतो. शिवाय गुडघेदुखीला भरती-ओहोटी असते. माणूस डॉक्टरकडे जातो तो भरतीच्या दिवशी, आणि ओहोटी आपोआप लागते ती इंजेक्शनच्या खाती जमा होते.

मला या आरामाची थट्टा करायची नाही. दुखणाऱ्याला आराम हवा असतो, त्याचे मूळ कुठले हे विचारायची त्याला फुरसत नसते. प्रश्न एवढाच आहे, की हा आराम नव्वद हजारांना विकावा का आणि विकताना 'नवी गादी' असे बिल फाडावे का.

सांध्यांच्या बाबतीत चमत्काराची ही पहिली वेळही नाही. १९४८ मध्ये मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या रुग्णांना कॉर्टिझोन दिले आणि अंथरुणाला खिळलेली माणसे उठून चालू लागली. दोनच वर्षांत, १९५० मध्ये, हेंच आणि त्यांचे सहकारी नोबेलचे मानकरी ठरले. १९५१ मध्ये हे औषध थेट सांध्यात टोचायला सुरुवात झाली. त्याचे दुष्परिणाम मागाहून हळूहळू कळत गेले. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात टेनिस एल्बोच्या १६५ रुग्णांत असे आढळले, की स्टेरॉइड टोचलेल्यांना सुरुवातीला झटकन आराम पडला, पण वर्षअखेर त्यांच्यातले ८३ टक्के बरे होते आणि लटके इंजेक्शन घेतलेल्यांतले ९६ टक्के. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या १४० रुग्णांच्या अभ्यासात दोन वर्षे दर तीन महिन्यांनी गुडघ्यात स्टेरॉइड घेतलेल्यांची गादी मीठपाणीवाल्यांच्या सुमारे दुप्पट झिजली. मी याला अल्पमुदतीचे कर्ज म्हणतो. घरात लग्नकार्य आहे, प्रवास आहे, दुखणे असह्य झाले आहे, तर एखादे वेळी घ्यावे. दर तिमाहीला घेत राहिले तर व्याज मुद्दलाला खाते.

२००४ साली सचिन तेंडुलकरच्या कोपराने महाराष्ट्राला टेनिस एल्बो हा शब्द शिकवला. तो टेनिस न खेळणाऱ्यांनाही होतो हे तेव्हाच कळले. कपडे पिळणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या, स्क्रू पिळणाऱ्या किती हातांना तो असतो. या दुखण्याचा मोठा गुण असा की बहुतेकांच्या बाबतीत ते वर्षभरात आपले आपण ओसरते. वर्षाच्या मधल्या कोणत्याही महिन्यात जो उपाय कराल, त्याला यशाची टोपी मिळते.

डॉक्टरांची बाजूही समजून घेतली पाहिजे. पंचावन्न वर्षांची बाई समोर बसली आहे. गुडघा बदलण्याइतकी झीज नाही. बदलला तरी कृत्रिम सांध्याचे आयुष्य मर्यादित असते, म्हणून तो जितका पुढे ढकलता येईल तितका बरा. वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे दिल्या तर पोट आणि मूत्रपिंडे धोक्यात. तिला "सहन करा" म्हणून परत पाठवायचे? या मधल्या वर्षांसाठी वैद्यकाकडे फारशी हत्यारे नाहीत, हे खरे आहे. रुग्णाचेच रक्त वापरलेली पीआरपी नीट निर्जंतुक हाताने दिली तर तिचा धोकाही थोडा असतो. काही अभ्यासांत, विशेषतः झीज कमी असताना, सहा महिने ते वर्षभर दुखणे कमी झाल्याचे दिसते. एखाद्या प्रामाणिक डॉक्टरने हे सगळे सांगून, "खात्री नाही, पण करून पाहू" असे म्हटले आणि रुग्णाने पूर्ण समजून होकार दिला, तर त्यात मला दोष दिसत नाही.

दोष दिसतो तो नावात आणि भावात. स्टेम सेलच्या बाबतीत तर प्रश्न कायद्याचाही आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जैवतंत्रज्ञान विभागाबरोबर काढलेली २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की रक्ताच्या काही आजारांतले मान्यताप्राप्त उपचार सोडले तर स्टेम सेलचा वापर मंजूर प्रयोगाचा भाग म्हणूनच व्हावा. २०२२ मध्ये बंगळुरूच्या प्रयोगशाळेत दात्याच्या अस्थिमज्जेपासून तयार होणारे एक औषध गुडघ्याच्या झिजेसाठी रीतसर मंजुरी घेऊन बाजारात आले. ज्याला मंजुरी आहे त्याचे नाव, क्रमांक, कागद असतो. तो न दाखवता कोणी "तुमच्याच चरबीतून स्टेम सेल काढून देतो" म्हणत असेल, तर तिथून उठावे. नाळेच्या रक्तापासून केलेली अशी इंजेक्शने घेतल्यावर २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास, फ्लोरिडा आणि ॲरिझोना या राज्यांत मिळून १२ जणांना जंतुसंसर्ग होऊन रुग्णालयात भरती व्हावे लागले होते. सांध्यात जंतू जाणे ही साधी गोष्ट नव्हे.

आणि भाव. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्रास वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला ५४,७२० रुपये. आक्काच्या कागदावर एका गुडघ्याच्या तीन पिचकाऱ्यांचे पंचेचाळीस हजार होते. धातूच्या अख्ख्या सांध्याला सरकारने भाव ठरवून दिला आणि आपलेच रक्त आपल्याला परत टोचण्याला कसलाच ठरलेला भाव नाही. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत, अगदी घाईघाईने का होईना, जोखमीची सूचना वाचावी लागते. गुडघ्याच्या जाहिरातीत समुद्रकिनाऱ्यावर धावणारे जोडपे चालते. डॉक्टरांनी जाहिरात करून रुग्ण ओढू नयेत असे २००२ ची त्यांची आचारसंहिता सांगते. रुग्णालयांचे फलक मात्र चौकाचौकांत दिसतात.

मग करायचे काय? ज्या मार्गदर्शिकेने पीआरपीला नको म्हटले, तिनेच ज्याला ठामपणे हो म्हटले ते दोन उपाय असे आहेत की त्यांचा फलक कोणी लावत नाही. व्यायाम आणि ज्यांचे वजन जास्त आहे त्यांनी ते घटवणे. मांडीच्या पुढच्या बाजूचा स्नायू हा गुडघ्याचा खरा हमाल. तो बळकट असला की सांध्यावरचे ओझे तो उचलतो. वजनाचा हिशेबही ऐकण्यासारखा आहे. २००५ च्या एका अमेरिकन अभ्यासात आढळले, की एक किलो वजन उतरले तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी उतरतो. दिवसात हजारो पावले टाकणाऱ्या माणसाने गुणाकार करून पाहावा. चक्रवाढ व्याजाची अशी योजना कोणत्याही बँकेत नाही.

व्यायामानेही गादी परत येत नाही, हे इथे सांगितले पाहिजे, नाहीतर मीही दुसरा कागद छापल्यासारखे होईल. भरवशाचा वाटा त्यातही असणार. पण त्याच व्यायामाने रक्तदाब आणि साखर आटोक्यात राहते, तोल सुधारतो, पडण्याची भीती कमी होते आणि त्यासाठी ठेव मोडावी लागत नाही. अडचण एवढीच की तो रोज करावा लागतो, आणि सहा ते आठ आठवडे काहीच झाले नाही असे वाटत असताना करावा लागतो. सुई एकदा टोचून मोकळे होता येते. म्हणून सुईला गिऱ्हाईक आहे.

गुडघ्याच्या झिजेने पुरुषांपेक्षा बायका जास्त पिडतात. जन्मभर ओट्यापाशी उभे राहून, खाली बसून निवडणे-टिपणे करून, पाहुण्यांच्या पंगतींत वाकून त्यांचे गुडघे झिजलेले असतात. पुण्या-मुंबईच्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींत तिसऱ्या मजल्यावर राहणारी बाई आधी देवळात जाणे सोडते, मग भाजी आणायला जाणे, मग भिशी. घर, गॅलरी आणि दूरदर्शन संच एवढेच जग उरते. घरातली माणसे नव्वद हजारांचे पॅकेज भरायला तयार होतात, त्यात प्रेम असते हे मला मान्य आहे. तीच माणसे तिच्यासाठी संडासात कमोड बसवून, नळापाशी धरायला दांडी लावून, ओट्यापाशी उंच स्टूल ठेवून, महिनाभर फिजिओथेरपिस्टकडे सोबत जाऊन आणि पोळ्यांचे काम दुसऱ्या हाती देऊन किती आराम देऊ शकतील, याचा विचार मागे राहतो. पैसे दिले की आपली जबाबदारी दुसऱ्याच्या खात्यावर वर्ग झाल्यासारखी वाटते.

आक्काने शेवटी आपल्या डॉक्टरांना सांगितले की तीन महिने व्यायाम करते, मग बोलू. तिचे गुडघे नवे झालेले नाहीत आणि पुढेमागे एक बदलावा लागेल असे डॉक्टरांचे मत आहे. ती आता रेलिंग धरून दोन मजले उतरते आणि चढताना एकदा थांबते. तिने पॅकेज घेतले असते तरीही एवढेच झाले असते किंवा याहून बरे झाले असते, हे कोणी सांगू शकणार नाही. एका माणसाच्या गुडघ्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो, मग तो गुडघा आपल्या बहिणीचा का असेना.

पण कागद पुरता असावा हे मागण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे. एक्स-रेमध्ये झीज कोणत्या पायरीची आहे? सुईतून नेमके काय जाणार, प्लेटलेट किती पटीने दाट केलेल्या? माझ्या वयाच्या आणि माझ्याइतकी झीज असलेल्या माणसांत मीठपाण्याच्या तुलनेत किती फरक दिसला आहे? तीन महिन्यांत उपयोग झाला नाही तर पुढे काय? एकूण खर्च किती आणि त्याची पावती मिळेल का? हे पाच प्रश्न मुलाने किंवा सुनेने आईबरोबर जाताना चिठ्ठीवर लिहून न्यावेत. चांगला डॉक्टर त्यांनी रागावत नाही. जो रागावतो त्याच्याबद्दल वेगळे काही विचारायची गरज उरत नाही.

सरकारकडेही मागणे फार मोठे नाही. जी रुग्णालये ही इंजेक्शने देतात त्यांनी किती जणांना दिली, काय दिले, सहा महिन्यांनी आणि वर्षाने त्या माणसांचे काय झाले, याची नोंद ठेवावी आणि ती जाहीर व्हावी. 'पुनरुज्जीवन' हा शब्द ज्या जाहिरातीत येईल तिच्यात त्याच आकाराच्या अक्षरांत पुराव्याची स्थिती छापावी. बँकेतून साधे वाहनकर्ज घेणाऱ्या माणसाला आम्ही व्याजाचा दर, हप्ता आणि दंड लिहून देत होतो, खाली त्याची सही घेत होतो. म्हाताऱ्या माणसाच्या दुखऱ्या गुडघ्यात सुई घालण्याआधी तेवढी कागदपत्रे करायला हरकत नसावी.